चैत्र-वैशाखात कोकणातील घरी लॅब्रॅडॉर आणि मांजर: त्यांनी निवडलेल्या जागा बदलाव्यात का?

पोफळीखाली:

नमस्कार. निवृत्तीनंतर आम्ही दोघे होळीपासून मृगाचा पाऊस सुरू होईपर्यंतचा काळ दापोली तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित घरी घालवतो. सोबत ठाण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेला आणि आता नऊ वर्षांचा झालेला काळा लॅब्रॅडॉर ‘गुंड्या’ असतो. एरवी शेजाऱ्यांकडे जेवणारी ‘मनी’ ही मांजरही आम्ही घर उघडले की आपणहून आमची होते. शिमग्याची पालखी घरोघरी फिरून सहाणेवर परतली आणि चाकरमानी मुंबईला गेले, की वाडी अशी निवांत होते की भर दुपारी तांबट पक्ष्याच्या ‘टुक टुक’शिवाय दुसरा आवाज येत नाही. वर्षभर आम्ही याच दिवसांची वाट पाहत असतो.

अडचण अशी आहे की दोन्ही प्राण्यांनी आपापल्या जागा स्वतःच ठरवल्या आहेत आणि त्या जागांवरून घरात मतभेद आहेत. गुंड्या ऊन चढले की ओटीवरून उठतो आणि न्हाणीचे पाणी जेथे सोडले आहे त्या माडाच्या आळ्यात जातो. पुढच्या पायांनी वरची सुकी माती उकरून खालची काळी, ओली माती लागली, की मागचे पाय लांब सोडून पोट टेकून पसरतो, तो थेट चहाच्या वेळेला चिखलाने माखून परत येतो. त्याला त्वचेचा विकार होईल म्हणून पडवीत बांधून ठेवावे, असे माझ्या यजमानांचे म्हणणे आहे. मनीने तर कोठीच्या खोलीत हापूसच्या आढीवरच्या पेंढ्यात पिल्ले घातली आहेत. त्यांचे डोळे अद्याप उघडलेले नाहीत, आणि पाहुण्यांसाठी आंबे काढायची वेळ जवळ आली आहे. रात्री गुंड्या मोकळ्या ओटीवरच झोपतो, त्याविषयीही बिबट्याचे नाव काढून शेजारी नापसंती दाखवतात. यांपैकी कोणत्या जागा आम्ही बदलायला हव्यात?

गडगा:

ताई, मनीच्या जागेला हात लावू नका, आंब्यांची जागा बदला. पिल्लांचे डोळे साधारण सात ते दहा दिवसांत उघडतात. त्या काळात माणसांची ये-जा वाढली की मांजर जागा असुरक्षित समजते आणि एकेक पिल्लू मानेला धरून दुसरीकडे नेते. आमच्याकडे कुडाळला अशी बिऱ्हाडे लाकडांच्या वखारीत, कौलांखालच्या माळ्यावर आणि एकदा तर जुन्या पेटाऱ्यात निघालेली आहेत. तेथे मुंगूस किंवा बोका पोहोचला तर आपल्याला कळतही नाही. आढीच्या ज्या बाजूला पिल्ले नाहीत त्या बाजूने फळे हळूहळू काढून नव्या आढीत लावावीत आणि पिल्लांखालचा पेंढा तसाच राहू द्यावा. शेजारी एक आडवे खोके मऊ कापड घालून ठेवावे, म्हणजे तिला वाटले तर ती स्वतःच तेथे मुक्काम हलवील. पाहुण्यांना आंबे दोन दिवस उशिरा मिळाले तर ते कुरकुरतील, पण जेवल्याशिवाय काही जाणार नाहीत.

एक मात्र ध्यानात ठेवा. दिवस मोठा होऊ लागला की मांजरी माजावर येतात, आणि पिल्लांना पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते. गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असल्यामुळे पावसाळ्यात दुसरे बाळंतपण सहज होते. पिल्ले दूध सोडून खाऊ लागली की मुंबईला परतण्यापूर्वी तिची शस्त्रक्रिया करून घ्यावी, कारण तुमच्यामागे त्या पिल्लांचा भार शेजाऱ्यांवर पडतो.

गुरांचा डॉक्टर:

मी याच पट्ट्यात पशुवैद्यकीय व्यवसाय करतो, त्यामुळे गुंड्याच्या बाजूने थोडे सविस्तर लिहितो. त्याने निवडलेली जागा शास्त्राला धरूनच आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडा घाम सुटतो, पण शरीर थंड ठेवण्याचे मुख्य काम धापा टाकण्यातून, म्हणजे जीभ आणि श्वसनमार्गातील ओलाव्याच्या बाष्पीभवनातून होते. किनारपट्टीवर विदर्भासारखे ऊन नसते म्हणून आपण निर्धास्त राहतो, परंतु येथील दमट हवेत तो ओलावा लवकर उडत नाही आणि धापा टाकूनही कुत्रा पुरेसा थंड होत नाही. पोटावर केस विरळ असतात, त्यामुळे ओल्या मातीला पोट टेकणे हा त्याच्याजवळचा सर्वांत सोपा उपाय आहे. पडवीत वारा नसेल तर तेथे बांधलेला कुत्रा अधिक त्रासात राहील.

तरीही त्या आळ्याची व्यवस्था सुधारायला हवी. न्हाणीत फिनाइल टाकत असाल तर ते पाणी दुसरीकडे वळवा. ते कुत्र्याला अपायकारक आहेच, आणि पाय चाटून स्वच्छ करणाऱ्या मांजरीला तर फारच घातक आहे. उंदरांचे मूत्र मिसळलेल्या ओल्या मातीतून लेप्टोस्पायरोसिस होतो, म्हणून त्याची लस दरवर्षी रेबीजच्या लसीबरोबरच द्यावी. संध्याकाळी साध्या पाण्याने चिखल धुऊन बोटांमधील बेचक्या, काखा आणि विशेषतः कान कोरडे करावेत, कारण लॅब्रॅडॉरचे लोंबते कान ओले राहिले की आतून चिघळतात. या दिवसांत त्याचे केस भरपूर गळतील. ते रोज विंचरून काढावेत, मात्र उन्हाळा म्हणून अंगावरचे केस मुळापासून कापू नयेत, कारण त्याच केसांमुळे कातडीचे उन्हापासून रक्षण होते.

त्याचे वय पाहता आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. उतारवयातील लॅब्रॅडॉरमध्ये स्वरयंत्राचा लकवा बऱ्यापैकी आढळतो. भुंकण्याचा आवाज घोगरा झाला असेल, किंवा श्वास आत घेताना घरघर होत असेल, तर हे निदान आधी करून घ्यावे, कारण असा कुत्रा उकाड्यात फार लवकर कोलमडतो. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०५ च्या वर गेले, हिरड्या लालभडक झाल्या, लाळ घट्ट होऊन लोंबू लागली आणि चालताना तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी विहिरीचे गार पाणी पोट, जांघा आणि पंजांवर सतत ओतावे, पंख्याचा वारा द्यावा आणि लगेच दवाखान्याकडे निघावे. ओला टॉवेल अंगावर नुसता टाकून ठेवू नये, कारण थोड्या वेळाने तोच उष्णता अडवून धरतो.

सड्यावरचा:

डॉक्टरांचे म्हणणे मान्य आहे, पण माझ्या मते खरा प्रश्न दुपारचा नाही, तिन्हीसांजेनंतरचा आहे. मी राजापूरकडचा. आमच्याकडे जांभ्याचा सडा, म्हणजे उघडे खडकाळ पठार, आणि दगडी गडगे हे फुरशाचे माहेरघर आहे. दिवसा ते दगडाखाली असते आणि अंधार पडला की बाहेर येते. कुत्रा आधी नाक घालतो, त्यामुळे दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. अशा वेळी चिरा देणे, आवळून बांधणे असले उपाय न करता कुत्र्याला चालू न देता उचलून न्यावे. माणसांसाठी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारे जे प्रतिसर्पविष आहे, तेच कुत्र्यांनाही देतात. ते जवळच्या कोणत्या दवाखान्यात असते याची चौकशी आजच करून ठेवा.

बिबट्याविषयी शेजारी बोलतात ते भीतीपोटी नव्हे. अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाद्यात पाळीव कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा आढळला होता. मोकळ्या ओटीवर झोपलेला, उतारवयातला, फ्लॅटमध्ये वाढलेला कुत्रा ही त्याला आयती शिकार आहे. रात्री गुंड्याला माजघरात घ्या आणि दार लावा, यात तडजोड नको. याच दिवसांत भाजावळ, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळणे, चालू असते, हेही विसरू नका. वरून थंड दिसणाऱ्या राखेखाली निखारे धुमसत असतात आणि त्यात पंजे भाजलेली कुत्री मी पाहिली आहेत.

पोफळीखाली:

सर्वांचे मनापासून आभार. आढीचे आंबे कालच दुसऱ्या खोलीत हलवले आणि गुंड्याची रात्रीची पथारी माजघरात आली. तो नाराज आहे, पण यजमान त्याच्या शेजारीच अंथरूण टाकतात. आणखी दोन शंका आहेत. ओटीच्या चुना लावलेल्या भिंतीवरून मुगाएवढे करडे किडे वर वाशांकडे चढताना दिसतात, ते गोचीडच असावेत का? आणि संध्याकाळी आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर त्याला मोकळे सोडले तर चालेल का?

गुरांचा डॉक्टर:

ते गोचीडच आहेत. रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्याच्या अंगावरून गळून पडते, भिंत चढून फटीत जाते आणि तेथे हजारोंनी अंडी घालते. म्हणून नुसता कुत्रा स्वच्छ करून भागत नाही. चिऱ्यांमधील सांधे, वाशांच्या खाचा आणि दाराच्या चौकटी ब्रशने झाडून फटी बुजवून घ्याव्यात. अंगावरचा गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा, रॉकेल लावू नये आणि बोटांनी चिरडूही नये. गोचीडतापात भूक मंदावते, हिरड्या फिकट पडतात आणि नाकातून रक्तही येऊ शकते. यांपैकी काही दिसले तर रक्ततपासणी लांबवू नका.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गुंड्याच्या मानेवर लावायचे औषध आणताना त्यात परमेथ्रिन आहे का ते पाहावे. कुत्र्याला चालणारे हे औषध मांजरीसाठी विष आहे. ते नुकतेच लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपल्याने किंवा त्याचे अंग चाटल्यानेही मांजरीला झटके येतात. घरात पाजणारी मांजर आहे, तेव्हा पोटातून द्यायची गोळीच मागून घ्या.

गडगा:

गोचिडांचा विषय निघाला म्हणून सिंधुदुर्गकडच्या वाचकांसाठी एक भर घालतो. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम आढळलेला माकडताप २०१६ मध्ये आमच्या जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यात पसरला. तो रानातल्या वेगळ्या गोचिडांमुळे होतो आणि त्याचा जोर उन्हाळा संपेपर्यंत असतो. कुत्रा काजूच्या बागेत किंवा रानात फिरून आला तर त्याला थेट अंथरुणाजवळ घेऊ नये, आधी अंग तपासावे, आणि आपणही गरम पाण्याने व साबणाने आंघोळ करावी.

किनारा:

आंजर्ल्याला मोकळे सोडू नका. वेळासप्रमाणेच तेथेही ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात आणि मार्च-एप्रिलमध्ये पिल्ले बाहेर पडतात. कुत्री वासावरून घरटी उकरतात, म्हणूनच स्थानिक कासवमित्र अंडी जाळीच्या कुंपणात नेऊन सांभाळतात. पण त्यांच्या नजरेतून सुटलेले घरटे किनाऱ्यावर कोठेही असू शकते, आणि लॅब्रॅडॉरला उकरण्याची किती हौस असते हे तुमच्या माडाच्या आळ्यावरून दिसतेच आहे. लांब पट्टा लावून भरतीच्या ओल्या रेषेखालून फिरवा. तेथे घरटी नसतात, आणि वाळूही पायांना पोळत नाही.