ओढ्याकाठच्या रानात धसकटं कुजतच नाहीत

ओढ्याकाठची_सून
आमचं रान दक्षिण सोलापूर तालुक्यात, काळी माती. वरच्या अंगाला कापड रंगवणारा एक कारखाना आहे. त्याचं पाणी बरीच वर्षं ओढ्यात यायचं, कधी लाल, कधी मोरपंखी. आता बंद झालंय, तरी ओढ्यालगतचा अर्धा एकर सुधरत नाही. गेल्या रब्बीच्या ज्वारीची धसकटं परवा उपटून बघितली, जशीच्या तशी. वरच्या तुकड्यातली बोटांत भुगा होतात. वळीव पडला की वरच्या रानात मातीचा वास सुटतो, खाली काहीच नाही. खणलं तर निळसर काळी माती आणि नासक्या अंड्याचा वास. सासरे म्हणतात, मातीतला जीव गेला. पण पाणी येत होतं तेव्हाही धसकटं कुजायची! उन्हाळा कडक झालाय, पाऊस एकदम कोसळतो, त्याचा काही संबंध असेल का?

मोहोळचा_शाळूवाला
ताई, जीवामृत सोडा, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन यांचं आंबवलेलं पाणी. माझं चोपण (खारवट, घट्ट झालेलं) रान त्यानंच हाताशी आलं.

जिवाणू_शिकवतो
ताई, संबंध आहे. वासापासूनच सांगतो. पहिल्या पावसाचा वास मुख्यतः ॲक्टिनोमायसीट गटातल्या जिवाणूंमुळे येतो, आणि धसकटं कुजवण्यातही त्यांचा मोठा हात. तुमच्याकडे दोन्ही एकदम थांबलंय. नासक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. रंगाईत मीठ नाहीतर सोडियम सल्फेट भरपूर लागतं. पाणी साचून हवा संपली की काही जिवाणू हवेऐवजी सल्फेटवर भागवतात आणि हा वायू सोडतात. म्हणजे जीव गेलेला नाही, वस्ती बदललीय.

सुती कापडाचे बरेच रंग ॲझो जातीचे. ते मोडायचं काम आपल्या गिरण्यांसारखं पाळ्यांत चालतं. पहिली पाळी बिनहवेच्या जिवाणूंची. रंग फिका पडतो, पण ॲरोमॅटिक अमाइन नावाचे त्याचे तुकडे उरतात, त्यांतली काही विषारी. ती मोडायला दुसरी पाळी हवेवर जगणाऱ्यांची, त्यांना हवा आणि ओल एकाच वेळी लागते. एक तर ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीसारखं पाणी तुंबतं, नाहीतर ४४ अंशांत रान कोपरभर भेगाळतं. दोन्हीत दुसरी पाळी कामावर येत नाही. उष्णतेनं जिवाणूंचं काम वाढतं हे खरं, पण ओल असेपर्यंतच, आणि तेही एका मर्यादेत. माती वाळताना उरलेल्या पाण्यात मीठ दाट होतं आणि त्यांच्या पेशीतलं पाणी ओढून घेतं.

वाळलेल्या मातीवर एकदम पाऊस झाला की तगलेले जिवाणू सेंद्रिय कर्बावर (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत आलेल्या कार्बनवर) तुटून पडतात, तो कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो. मातीचे अभ्यासक एच. एफ. बर्च यांनी १९५८ सालीच हे मांडलं. चांगल्या रानात तो कर्ब धसकटांतून, शेणखतातून भरून निघतो. तुमच्याकडे धसकटच कुजत नाही, मग भरणार कुठून?

दादांचं जीवामृत वाईट नाही. गूळ-बेसनावर जिवाणू काही दिवस वाढतील, पण मीठ ते खात नाहीत. आधी चर काढून निचरा करा. उन्हाळ्यात रान उघडं ठेवू नका, पाचट पसरा. चोपण रानात टाकतात ते जिप्सम मात्र माती तपासल्याशिवाय टाकू नका.

कुजवणारे जिवाणू कुठं कामावर आहेत ते घरच्या घरी बघायचं तर कोऱ्या मांजरपाटाचे, म्हणजे साध्या सुती कापडाचे, दोन सारखे तुकडे घ्या, ओल असताना दोन्ही रानांत वीतभर खोल पुरा, दोन महिन्यांनी काढा.

मोहोळचा_शाळूवाला
सर, माझ्या रानात मीठ होतं, पण रंगाचं पाणी कधी आलं नव्हतं. आणि मी जीवामृताच्या आधी चर काढले होते, ते लिहायचं राहिलं.

ओढ्याकाठची_सून
काढली फडकी. वरच्या रानातलं हातात घेतलं तर नुसती जाळी, शिवणीचा दोराच काय तो शाबूत. ओढ्याकाठचं अख्खं निघालं, काळं पडलंय, पण ओढून बघितलं तर फाटत नाही. सासऱ्यांनी दोन्ही गोठ्यातल्या खुंटीला टांगलीत, येईल त्याला दाखवतात. चर काढायला सुरुवात केलीय. उद्या माती घेऊन तपासायला जाते. किती खोलवरची घेऊ?

जिवाणू_शिकवतो
एक नमुना वीतभर खोलीपर्यंतचा, दुसरा त्याखालचा, हातभर खोलीपर्यंत. वेगवेगळ्या पिशव्यांत भरा. वरच्या रानातलीही न्या, तुलनेला लागेल.