हेड्रियनची भिंत दोन दिवसांत नेमकी कुठे पाहावी?

मेघना_लेस्टर
जुलैमध्ये साताऱ्याहून आईबाबा आमच्याकडे येत आहेत. त्यांना आणि दहा वर्षांच्या मुलाला घेऊन उत्तर इंग्लंडमधील हेड्रियनची, म्हणजे त्या नावाच्या रोमन सम्राटाने बांधवलेली, भिंत पाहण्याचा विचार आहे. दोन दिवस, एक मुक्काम आणि पेट्रोल वगळून २५० पौंड एवढीच तरतूद आहे. ही भिंत म्हणजे स्कॉटलंडची सीमा, असे मुलाच्या डोक्यात पक्के बसले आहे. दंतकथा कोणती आणि इतिहास कोणता, हे त्याला तिथे उभे राहून दाखवायचे आहे. बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून मोठा चढ नको. कोणता भाग निवडावा?

रानवाटा
मेघनाताई, ही भिंत चालल्याशिवाय कळत नाही. भिंत सुमारे ११७ किलोमीटरची, पण तिच्या सोबतीने जाणारी पायवाट १३५ किलोमीटरची आहे. ती मी सात दिवसांत पूर्ण केली. दर रोमन मैलाला एक चौकी आणि दोन चौक्यांमध्ये दोन बुरूज ही योजना पायांनी मोजली की मनात कायमची राहते. स्टील रिगचा कड्यावरून जाणारा भाग तरी चुकवू नका. बूट मात्र चांगले घ्या. माझे १८० पौंडांचे होते आणि त्यांनी एकदाही दगा दिला नाही.

जुना_दगड
मुलाला प्रथम हे सांगा की भिंत संपूर्णपणे इंग्लंडमध्ये आहे आणि नॉर्थम्बरलंड परगण्याचा बराच भाग तिच्या उत्तरेला येतो. इ. स. १२२ मध्ये हेड्रियन ब्रिटनमध्ये आला, तेव्हा स्कॉटलंड नावाचे राज्यच नव्हते. शिवाय जवळजवळ प्रत्येक चौकीला उत्तरेकडे उघडणारा दरवाजा होता. केवळ शत्रूला अडवायचे असते, तर एवढे दरवाजे कोणी ठेवले नसते. ये-जा आपल्या नजरेखाली व्हावी, हाही हेतू असणार असे मला वाटते. कित्येक शतके लोक भिंतीचे श्रेय सेव्हेरस या नंतरच्या सम्राटाला देत होते. हेड्रियन आणि त्याचा सुभेदार प्लेटोरियस नेपोस यांची नावे कोरलेले दगड चौक्यांमध्ये सापडले आणि १८४० मध्ये इतिहासकार जॉन हॉजसन यांनी हा प्रश्न नीट मांडला.

टाइनकाठ
भिंतीवरच्या हाउसस्टेड्स या रोमन किल्ल्याला जा, हेच मी सर्वांना सांगतो. तिथे उंचावलेल्या फरशीचे धान्यकोठार आणि सैनिकांचे सामुदायिक शौचालय आहे. मुले तिथून हलत नाहीत. मात्र वाहनतळापासून किल्ल्यापर्यंत चढ आहे. गेल्या वर्षी माझ्या सासऱ्यांना पावसात अर्ध्या वाटेवरून परतावे लागले, याची मला अजून हळहळ वाटते.

शुभदा_टी
मीही हाउसस्टेड्सच सुचवेन. विंडोलंडा हा रोमन किल्लाही पाहा, तो भिंतीहून जुना आहे आणि तिथे लाकडाच्या पातळ फळ्यांवर शाईने लिहिलेली पत्रे सापडली. क्लॉडिया सेव्हेरा या बाईने मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावल्याचे पत्र त्यांत आहे, आणि कुणाला तरी पायमोजे पाठवल्याचा उल्लेखही आहे. हाउसस्टेड्ससाठी घेतलेले वार्षिक सभासदत्व तिथे चालत नाही, कारण तिथली विश्वस्त संस्था वेगळी आहे. हे मला तिकीटखिडकीवर कळले आणि चौघांचे पैसे पुन्हा भरावे लागले. मुक्कामासाठी हेक्सहॅमजवळ एखादे जुने दगडी घर तीन रात्रींसाठी घ्या, दोन दिवस फार अपुरे पडतात.

रानवाटा
शुभदाताई, त्यांची तरतूद २५० पौंडांची आहे. स्टील रिगला पाहण्याचे काहीच तिकीट नाही.

जुना_दगड
दंतकथांविषयी आणखी थोडे. भिंतीच्या आतून पितळेची नळी जात होती आणि तिच्यातून एका बुरुजाचा आवाज दुसऱ्या बुरुजापर्यंत पोहोचत असे, ही गोष्ट जुना इंग्रज इतिहासकार कॅम्डेनने स्थानिक लोकांकडून ऐकून नोंदवली होती. अशी नळी कधीच सापडलेली नाही. भिंतीवरच्याच सूइंगशील्ड्स या जागेची कथा मात्र मुलाला अवश्य सांगा: सुताचा गुंडा निसटला म्हणून एक मेंढपाळ त्याच्यामागे भुयारात उतरला, तिथे राजा आर्थर आपल्या सरदारांसह झोपलेला होता, आणि मेंढपाळ शिंग फुंकायला विसरल्यामुळे तो आजही झोपलेलाच आहे.

मेघना_लेस्टर
सर्वांचे मनापासून आभार. नकाशा पाहून आणि बाबांशी बोलून आम्ही बर्डोसवाल्ड हा भिंतीवरचाच रोमन किल्ला ठरवला आहे. कोणीच सुचवले नाही, पण भिंतीचा सर्वांत लांब सलग उरलेला भाग तिथे रस्त्याच्या कडेनेच जातो, त्यामुळे बाबांना चढावे लागणार नाही. पश्चिमेकडे भिंत आधी गवताळ मातीच्या ढेकळांची होती आणि नंतर दगडात बांधली, हेही तिथे समजावता येईल. रोमन निघून गेले आणि भिंत एका दिवसात ओस पडली, असे मलाही वाटत होते. तिथल्या धान्यकोठाराच्या जागेवर मात्र पुढे लाकडी दालन उभे राहिले होते आणि त्याच्या खांबांच्या जागी आज लाकडी खुणा रोवलेल्या आहेत. दुसऱ्या दिवशी विंडोलंडा पाहू. पायमोज्यांचे पत्र ऐकल्यापासून मुलगा त्याच्याबद्दलच विचारतो आहे.

टाइनकाठ
निर्णय योग्य आहे, तरी हाउसस्टेड्स राहून जाते याचे वाईट वाटते. बर्डोसवाल्डला वारा फार असतो. आईबाबांसाठी जुलैतही स्वेटर ठेवा.