पोराला आधी ध्रुव देऊ की नागराज?

इंदूरकर: पोरगा दहाचा झाला, त्याला कॉमिक्सचा नाद लावायचाय, ध्रुव आणि नागराज या राज कॉमिक्सच्या हिंदी सुपरहिरोंपासून सुरुवात करावी म्हणतो. परवा इथल्या खजुरी बाजारात नागराजचा जुना अंक मिळाला, पानं पिवळी, पिनांना गंज, पण वास अगदी तोच! हाच देऊ का आधी?

राजवाड्यामागचा: ध्रुवच दे रे. नागराज १९८६चा, ध्रुव १९८७चा, पण ध्रुवला जन्मजात शक्ती अशी काही नाही, सर्कशीत वाढलेला पोरगा, प्राण्यांची भाषा तिथेच शिकला आणि बाकी सगळं डोकं आणि सायन्स वापरून निभावतो, शिवाय अनुपम सिन्हांची चित्रं म्हणजे काय सांगू, नुसती बघत बसावीत. नागराजच्या अंगातून साप निघतात ते पहिल्यांदा भारी वाटतं, मग मला तरी तेच तेच वाटायला लागलं.

जुनी वाचक: मराठीची गोडी लावायची असेल तर इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ (म्हणजे फँटम) शोधा, मराठीतही निघायचा. ठोसा मारला की गुंडाच्या जबड्यावर कवटीची खूण उठायची! माझी शाळा हिंदी, मराठी वाचायला मी वेताळावरच शिकले.

इंदूरकर: ताई, हे डोक्यातच नव्हतं. आज ध्रुव आणतो, वेताळ कोणाकडे डबल असेल तर सांगा, बदल्यात दोन नागराज देतो.