मे महिन्यातलं लग्न: टेबलावरच्या फुलदाणीत पाण्याखाली फुलं कशी टिकवायची?

सुरंगी
मालवणजवळ मेच्या मध्यावर लग्न आहे, संध्याकाळचं जेवण वाडीतल्या मांडवात. 20 गोल टेबलं. प्रत्येकावर 30 सेंमी उंच, 10 सेंमी व्यासाची सरळ काचेची फुलदाणी, आत पूर्ण बुडालेली फुलं आणि वर तरंगती मेणबत्ती, असं ठरलंय. करून बघितलं तर फुलं वर येतात आणि पाकळ्यांना बुडबुडे चिकटतात. पाणी बोअरचं आहे. फुलं कोणती घ्यावीत, आणि किती आधी भरावं?

खाडीपलीकडे
डेंड्रोबियम ऑर्किडच घ्या. पाकळी जाड आणि मेणचट असते, त्यामुळे संध्याकाळभर पाण्याखाली छान राहते. निशिगंध आणि गुलाब भिजून पारदर्शक होतात, झेंडू पाण्याला रंग सोडतो. काच आणि पाणी मिळून फुलं आडवी मोठी दाखवतात, म्हणून एका फुलदाणीत दोनच दांडे पुरतात. तीन घातले की नुसती गर्दी दिसते.

फुलं वर येऊ नयेत म्हणून मासेमारीचा बारीक तंगूस घ्या आणि दांड्याचं खालचं टोक गुळगुळीत गोट्याला बांधा. फक्त खालीच बांधायचं. फूल हलकं असतं, त्यामुळे दांडा आपसूक उभा राहतो; मध्ये बांधलात तर वाकतो. लोखंडी तार नको, गंजून पाणी तांबूस होतं. जांभ्याचे खडेही नकोत, त्यांचा लाल गाळ सुटतो. किनाऱ्यावरचे शिंपले घालायचे असतील तर आधी उकळून घासून घ्या, आत मांस राहिलं तर वास मारतो.

बुडबुड्यांचं कारण पाण्यात विरघळलेली हवा. पाणी कोमट होत गेलं की ती सुटते आणि पाकळीवर बसते. पाणी उकळून, झाकून पूर्ण गार करा. भरताना फुलावर ओतू नका, काचेच्या कडेने हळू सोडा. तरी बसलेच तर मऊ कुंचल्याने हलकेच सारा.

बोअरचं पाणी मात्र टाळा. लोह असेल तर ठेवल्यावर तांबूस होतं, आणि खारट असेल तर काचेवर पांढरे डाग वाळतात. वर 5 सेंमी जागा सोडली तर एका फुलदाणीत साधारण 2 लिटर मावतं. 20 टेबलांना 40 लिटर, म्हणजे 20 लिटरचे दोन जार. तिसरा हाताशी ठेवा. साखर किंवा फुलं ताजी ठेवायची पावडर घालू नका, त्याने पाणी गढुळतं.

रातांबा
फुलं घाट उतरून येणार असतील तर आदल्या दिवशी संध्याकाळी मागवा. दांड्याची टोकं 2 सेंमी तिरकी कापून रात्रभर बादलीत, सावलीतल्या गार खोलीत ठेवा. फ्रिजमध्ये नाही! ऑर्किड उष्ण हवेतलं झाड, घरच्या फ्रिजच्या थंडीने पाकळ्या काळपटतात.

आणि खोली निवडताना आंब्याची अढी कुठे आहे ते आधी बघा. मे महिन्यात माजघरात नाहीतर पडवीत ती असतेच. पिकणाऱ्या आंब्यातून इथिलीन वायू सुटतो आणि ऑर्किड त्याला फार नाजूक. फुलं मिटतात, गळतात. पाणी, कापणी सगळं नीट असूनही सकाळी फुलं माना टाकतात ती बहुतेक यामुळेच. केळीच्या घडाचंही तेच.

सुरंगी
अढी माजघरातच आहे! बादल्या दुसऱ्या घरी हलवते. भरायचं कधी?

खाडीपलीकडे
पाहुणे येण्याआधी दोन-तीन तास, आणि टेबलावरच. भरलेली फुलदाणी उचलून नेली तर पाणी हिंदकळतं, दांडे एकमेकांत अडकतात. मेणबत्ती वाटीसारख्या रुंद बुडाची घ्या. संध्याकाळचा वारा समुद्रावरून थेट येत असेल तर त्या बाजूच्या टेबलांवर बॅटरीचे तरंगते दिवे ठेवा, आणि बाकीच्या मेणबत्त्या पाहुणे बसायला लागल्यावरच पेटवा.