परदेशी लवादाचा निवाडा उघड चुकलाय. कोर्टात रद्द होईल का?

खतावणी
मी वकील नाही, कंपनीत हिशेब बघतो. यंत्रांच्या पुरवठ्यावरून परदेशी कंपनीशी वाद झाला. करारात आर्बिट्रेशनची सीट, म्हणजे लवादाचं कायदेशीर ठिकाण, सिंगापूर. तिघांच्या लवादमंडळाने आमच्याविरुद्ध निवाडा दिला. उशिराची भरपाई मूळ किमतीच्या १० टक्क्यांवर जाणार नाही असं करारात स्वच्छ लिहिलंय; यांनी ते १० टक्के नंतरच्या वाढीव किमतीवर मोजले! साहेब म्हणतात, आपल्या इथल्या कोर्टात जाऊ आणि उडवून टाकू. सुनावण्या सगळ्या ऑनलाइन झाल्या, सिंगापूरला कुणी पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही. मग तिथलंच कोर्ट कशाला? आणि एवढी चूक पुरेशी नाही का?

कलमबहाद्दर
सुनावणी कुठे झाली याला महत्त्व नाही. करारात सीट सिंगापूर आहे ना, मग निवाडा रद्द करायचा अधिकार सिंगापूरच्या कोर्टाला. समोरचा तुमच्या देशात वसुलीला आला, तर १९५८ च्या न्यूयॉर्क कराराच्या (परदेशी निवाड्यांच्या अंमलबजावणीचा आंतरराष्ट्रीय करार) पाचव्या कलमाखाली अंमलबजावणीला विरोध करता येईल. पण तिथे जिंकलात तरी निवाडा जिवंतच राहतो, आणि दुसऱ्या देशातल्या तुमच्या मालमत्तेमागे लागू शकतो.

जुनी_फाईल
साहेबांना आधी शांत करा. अशा अर्जांची कागदपत्रं लावण्यात माझी अकरा वर्षं गेली. "लवादाने करार चुकीचा वाचला" हे वाक्य प्रत्येक हरलेला पक्षकार घेऊन येतो, आणि कोर्ट त्यावर सहसा ढुंकूनही बघत नाही. चुकीचा अर्थ लावायचाही अधिकार तुम्हीच लवादाला दिलेला असतो.

कोर्ट बघतं ते वेगळंच. करार वैध होता का, नोटीस मिळाली का, बाजू मांडू दिली का, सोपवलेल्या वादाबाहेर लवाद गेला का, मंडळ ठरल्याप्रमाणे नेमलं का, सार्वजनिक धोरणाला धक्का बसतो का.

सिंगापूरचंच ताजं उदाहरण घ्या. २०२५ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने एक निवाडा रद्द ठेवला. ४५१ परिच्छेदांपैकी निदान २१२ लवादमंडळाच्या त्याच अध्यक्षांच्या दुसऱ्या प्रकरणांतल्या निवाड्यांतून जसेच्या तसे उचललेले होते. या पक्षकारांनी न केलेले युक्तिवादही त्यांच्या नावावर! निष्कर्ष बरोबर की चूक, यात कोर्ट शिरलंच नाही. मनं आधीच बनलेली दिसत होती, तेवढं पुरलं.

नायजेरियाचं तर माहीतच असेल. त्या देशाविरुद्धचा ६.६ अब्ज डॉलरचा निवाडा व्याजासह ११ अब्जांवर गेला होता. २०२३ मध्ये लंडनच्या हायकोर्टाला लाच आणि खोटी साक्ष दिसली, आणि तो टिकला नाही.

आमच्या एका प्रकरणात मुद्दा पक्का होता, एक महत्त्वाचा साक्षीदार तपासूच दिला नव्हता. पण शेवटच्या सुनावणीत अध्यक्ष नेहमीचा प्रश्न विचारतात ना, "कामकाजाबद्दल कुणाची काही तक्रार?" त्यावर आमचे वकीलसाहेब म्हणाले, "नो, सर." ट्रान्स्क्रिप्टमधली (सुनावणीच्या शब्दशः नोंदीतली) ती एक ओळ समोरच्यांनी कोर्टात दोनदा वाचून दाखवली. खेळ खलास.

मुदत: निवाडा मिळाल्यापासून तीन महिने. सिंगापूरमध्ये ती वाढवून मिळेल या भ्रमात राहू नका.

कलमबहाद्दर
थोडी भर. इंग्लंडमध्ये सीट असेल तर कायद्याच्या मुद्द्यावर अपील होऊ शकतं (१९९६ च्या कायद्याचं कलम ६९), पण बहुतेक संस्थांचे नियमच ती वाट बंद करतात. शिवाय मुदत फक्त २८ दिवस.

आणि रद्द झाला म्हणजे सगळीकडे संपला असंही नाही. बुडालेल्या जहाजातल्या पांढऱ्या मिरीचा एक वाद होता. लंडनचा पहिला निवाडा तिथल्या कोर्टाने काही अंशी रद्द केला आणि लवादाने उलटा निवाडा दिला. तरी २००७ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च कोर्टाने पहिलाच निवाडा मान्य धरला. म्हणे, आंतरराष्ट्रीय निवाडा कुठल्याच देशाच्या कायद्याला बांधलेला नसतो. मला हे आजवर पटलेलं नाही.

खतावणी
निवाडा ई-मेलने आला त्याला आज ६१ दिवस झाले. रात्री ट्रान्स्क्रिप्ट उघडली. तो प्रश्न आहे, आणि आमच्या वकिलांचं उत्तर "काही नाही, आभारी आहोत." पोटात गोळाच आला. पण दुसरं काही सापडलं. वाढीव किमतीवर टक्के मोजावेत असं समोरच्यांच्या एकाही निवेदनात नाही. मंडळाने ते स्वतःहूनच काढलंय.

जुनी_फाईल
हे आधी का नाही सांगितलंत! मग तक्रार "चुकीचं वाचलं" अशी नाही, "आम्हाला बोलायलाच मिळालं नाही" अशी आहे. "आभारी आहोत" इथे फारसं आडवं येऊ नये. जे निवाड्यातच पहिल्यांदा दिसलं त्यावर सुनावणीत हरकत कशी घेणार? फक्त मंडळाने तोंडी विचारलेले प्रश्नही चाळा. एकाने जरी "किंमत म्हणजे कुठली?" असं विचारलं असेल, तर संधी मिळाली होती असं धरतील. आणि बोलायला मिळालं असतं तर निकाल खरोखर वेगळा लागू शकला असता, हेही दाखवावं लागेल. पान क्रमांकासकट तक्ता करून या आठवड्यात सिंगापूरच्या वकिलाकडे द्या.

खतावणी
४१२ पानं आहेत. १३० झाली. अजून तरी कुणी विचारलेलं नाही.