अनुभव हवेत: प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डची जोडी जमत नाही तेव्हा नेमकं काय होतं?

फ्रेममोजणी

मंडळी, पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, कुठल्याही दुकानाबाहेर दहा मिनिटं उभं राहिलं की एक प्रश्न हमखास कानावर येतो: "घरात जुना पीसी आहे, त्यात कुठलं कार्ड टाकू?" उत्तर बहुतेक वेळा खिशातल्या पैशांवरून दिलं जातं. पीसीत कुठला प्रोसेसर आहे, मॉनिटर किती हर्ट्झचा आहे (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो) हे कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा. ज्यांनी स्वतः जोडण्या केल्यात, मोजमाप केलंय, त्यांनी लिहा. कुठले भाग, कुठला गेम, दोष कसा ओळखला आणि कशाने सुटला, एवढं आलं तरी पुष्कळ.

सुरुवात मी करतो. प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्रासाठी, प्रोसेसर आधी हिशेब करतो: कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली, पडद्यावर काय काय काढायचं. ती यादी कार्डाकडे जाते आणि कार्ड चित्र रंगवतं. समजा प्रोसेसरला १२ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला ५. तर फ्रेम दर १२ मिलिसेकंदांनीच येणार, म्हणजे सेकंदाला साधारण ८३. कार्ड उरलेले ७ मिलिसेकंद रिकामं बसतं, म्हणून त्याचा वापर ४२ टक्क्यांच्या आसपास दिसतो. आता हाच गेम ४के वर लावा. प्रोसेसरचे १२ तसेच राहतात, पण कार्डाला २० लागायला लागले तर फ्रेम ५० वर येतात आणि कार्ड पूर्ण भरतं. जोडी तीच, अडलेला भाग वेगळा. त्यामुळे दोन नावं टाकली की "१८ टक्के बॉटलनेक" (एका भागाने दुसऱ्याला अडवणं) असा आकडा फेकणाऱ्या कॅल्क्युलेटरवर पैसे लावू नका. गेम आणि रिझोल्यूशन धरल्याशिवाय त्या टक्क्याला काही अर्थच नाही.

औंध_असेंबली

ओळखायचं कसं, ते लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ३५ टक्के दिसला म्हणून "प्रोसेसर तर मोकळा आहे" असं म्हणू नका. १२ थ्रेडच्या (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगांच्या) प्रोसेसरवर एकच थ्रेड पूर्ण भरला तर एकूण आकडा जेमतेम ८ टक्क्यांनी वाढतो. आणि गेमचा मुख्य थ्रेड हा असा एकटाच भरतो. आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर ही मोजमापाची सॉफ्टवेअर टाका, पडद्यावर प्रत्येक थ्रेडचा वापर वेगळा दाखवा. सोबत कार्डाचा वापर, कार्डाची क्लॉक (चालायचा वेग), व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) आणि फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख.

मग व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या हर्ट्झला बांधणारी सेटिंग) बंद, फ्रेमची मर्यादा बंद. गेममधली एक गर्दीची जागा धरा आणि तिथूनच दर वेळी ६० सेकंद फिरा. एकदा नेहमीच्या रिझोल्यूशनला, एकदा ७२०पी ला. फ्रेम जवळपास तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर किंवा रॅम अडवतेय. भराभर वाढल्या तर कार्ड. एवढी साधी परीक्षा आहे, पण व्ही-सिंक चालू ठेवून केली तर ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर दोन्ही वेळा ६० च दिसतील आणि निष्कर्ष चुकेल.

एक बारकावा: काम कमी असलं की कार्ड स्वतःची क्लॉक उतरवतं. उतरलेल्या क्लॉकवर ८५ टक्के वापर दिसला तरी ते कार्ड दमलेलं नसतं. म्हणून क्लॉकचा आकडा सोबत हवाच.

कार्ड ९५ ते ९९ टक्के भरलेलं असणं हा दोष नाही. एकट्याने खेळायच्या गेममध्ये तेच हवं असतं.

सिंहगडरोडकर

रिफर्बिश्ड ऑफिस डेस्कटॉपबद्दल. तिसऱ्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, आणि त्यात कार्ड टाकून "गेमिंग पीसी" म्हणून विकलेली यंत्रं पुण्यात भरपूर फिरतात. आय५-३४७० ला चार कोअर, चार थ्रेड. सरासरी फ्रेम बघाल तर ६० च्या आसपास दिसतील आणि तरी हाताला गेम नीट लागत नाही. कारण मागे विंडोज, ब्राउझर, व्हॉइस चॅट यांना त्याच चार थ्रेडांतून जागा काढावी लागते आणि तेवढ्यापुरती एखादी फ्रेम ५०-६० मिलिसेकंद अडकते. रस्त्यावर गाडी वळवताना चित्र क्षणभर थिजतं आणि मग एकदम पुढे उडी मारतं, ते हे. सरासरीत हे दिसत नाही, १ टक्का लो (सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमांचा वेग) बघितला की दिसतं.

अशा पीसीत काय करावं?

त्याच सॉकेटचा आय७ मिळाला तर आधी तो बघा. तिसऱ्या पिढीला आय७-३७७०, चौथ्या पिढीला आय७-४७९०. दोन्हींना आठ थ्रेड, हिसके बरेच कमी होतात. चौथ्या पिढीचा आणखी एक फायदा म्हणजे एव्हीएक्स२ हा सूचनासंच. तिसऱ्या पिढीत ते नाही आणि काही नवे गेम त्याशिवाय उघडतच नाहीत. कितीही मोठं कार्ड टाका, उपयोग शून्य.

ब्रँडेड डेस्कटॉपच्या एसएमपीएसकडे (वीजपुरवठ्याच्या डब्याकडे) नीट बघा. बऱ्याच वेळा तो २४० ते ३०० वॉटच्या घरातला, कार्डासाठी वेगळी वायर नसलेला आणि मदरबोर्डला कंपनीच्या स्वतःच्या पिनांनी जोडलेला असतो. बाजारातला साधा एसएमपीएस त्यात सरळ बसत नाही. तिथे जीटीएक्स १६५० चं बिनपिनचं, ७५ वॉटचं मॉडेल हीच मर्यादा माना. त्याच कार्डाची ६ पिनवाली मॉडेलंही आहेत, घेताना कडेला हात लावून बघा. कॅबिनेट सपाट असेल तर लो-प्रोफाइल पट्टी लागेल, तीही डब्यात आहे का ते दुकानातच बघून घ्या.

निगडी_प्राधिकरण

रॅमची एकच पट्टी असेल तर कुठलाही निष्कर्ष काढू नका. १६ ची एक काढून ८ च्या दोन लावा, चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी (रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची पट्टी २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते आणि दोष प्रोसेसरच्या माथी बसतो. "दमलेले" म्हणून आलेले कितीतरी प्रोसेसर एवढ्यानेच ताळ्यावर येतात.

मुळाकाठ

अजून कुणी पीसीआय लेनचं (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या डेटाच्या वाटांचं) लिहिलं नाही, म्हणून जरा सविस्तर.

काही कार्डांना सोळा लेन नसतातच. आरएक्स ६५०० एक्सटी ला फक्त चार, आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० ला आठ. पीसीआय ४.० च्या बोर्डावर हे खपून जातं. बी४५०, ए५२० किंवा दहाव्या पिढीपर्यंतच्या इंटेल बोर्डावर मात्र ३.० मिळतं, म्हणजे प्रत्येक लेनचा वेग निम्मा. ६५०० एक्सटी ला हे सगळ्यात जास्त झोंबतं, कारण तिथे व्हीरॅम ४ जीबीच आहे. टेक्श्चर हाय केले की व्हीरॅम भरते, उरलेला माल मुख्य रॅममध्ये जातो आणि दर फ्रेमला त्या चार लेनमधून ये-जा सुरू होते. पिंपाला केवढंही पाणी असो, नळी बारीकच. टेक्श्चर एक पायरी खाली आणून व्हीरॅमचा आकडा ३.५ जीबीच्या आत ठेवला की तेच कार्ड सुरळीत चालतं.

इथे प्रोसेसरही फसवतो. रायझन ५५०० आणि ५६००जी हे नावाने ५६०० चे भाऊ वाटतात, पण दोघांची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली मेमरी) १६ एमबी आणि पीसीआय ३.०. ५६०० ची कॅश ३२ एमबी आणि ४.०. बी५५० बोर्ड घेऊन त्यात ५५०० बसवला तर बोर्डाचं ४.० वाया जातं. दोघांत थोडेच पैसे कमी-जास्त असतील तर डोळे झाकून ५६०० घ्या.

कॅफेवाला_चिंचवड

गेमिंग कॅफेसाठी गणित उलटं आहे. व्हॅलोरंट आणि सीएस२ हे गोळीबाराचे गेम १०८०पी वर, लो सेटिंगला, १६५ किंवा २४० हर्ट्झवर चालवायचे असतात. २४० हर्ट्झला एका फ्रेमला ४.२ मिलिसेकंद मिळतात. मधल्या दर्जाचं कार्डही लो सेटिंगला तेवढ्यात रंगवून मोकळं होतं, प्रोसेसरची मात्र दमछाक होते. अशा ठिकाणी महागडं कार्ड अर्धा वेळ रिकामं बसतं. आरएक्स ६६०० पुरतं, पैसा प्रोसेसरवर लावा.

एएम४ (रायझनचं सॉकेट) बोर्ड असतील तर ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी. दोघांना ९६ एमबी एल३ कॅश आहे. गेमला पुन्हा पुन्हा लागणारा डेटा प्रोसेसरच्या पोटातच राहतो, रॅमपर्यंत जावं लागत नाही, आणि १ टक्का लो वर येतो. स्मोक फुटला आणि पाच जण एकदम साइटवर शिरले की फरक तिथे कळतो, मोकळ्या मैदानात कळत नाही.

आणि विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन हर्ट्झ तपासा. २४० चा मॉनिटर ६० वर लावून ठेवलेले कितीतरी पीसी दिसतात. डिस्प्लेपोर्टची वायर मदरबोर्डला न लावता कार्डालाच लावा, हे सांगायची गरज पडू नये पण पडते.

डेक्कन_१४४०पी

वरच्याशी सहमत, पण फक्त त्या दोन गेमपुरतं. १४४०पी वर रेड डेड रिडेम्प्शन २ सारखा गेम हाय सेटिंगला खेळणाऱ्याने एक्स३डी साठी कार्डाचं बजेट कापलं तर ते नुकसानच आहे. तिथे साधा रायझन ५६०० किंवा इंटेलचा आय५-१२४००एफ ठेवा आणि उरलेलं सगळं कार्डात घाला. उलट शहर वसवण्याचे गेम, फ्लाइट सिम्युलेटर, बाल्डर्स गेट ३ चा तिसरा अंक, इथे १४४०पी लासुद्धा प्रोसेसरच अडतो.

अपस्केलिंगचं (लहान चित्र रंगवून मोठं करण्याचं) लक्षात ठेवा. १४४०पी ला डीएलएसएस क्वालिटी लावलं की कार्ड आतून ९६०पी च रंगवतं. कार्डाचा भार उतरला, प्रोसेसरचा होता तेवढाच. म्हणून डीएलएसएस लावूनही फ्रेम वाढत नाहीत अशी तक्रार आली की प्रोसेसर तपासा. सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंग (प्रकाशाच्या किरणांचा हिशेब) चालू केलं तर प्रोसेसरचंही काम वाढतं, कारण किरणांसाठी लागणारी दृश्याची रचना त्यालाही सांभाळावी लागते.

बायोसबाबा

बी४५० वर जुना रायझन १६०० किंवा २६०० काढून नवा बसवणार असाल तर क्रम चुकवू नका.

जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अपडेट करा. आधी बोर्डाच्या पानावर तुमच्या नव्या प्रोसेसरसमोर कुठली बायोस आवृत्ती लिहिली आहे ते बघा. फाइल एफएटी३२ पेनड्राइव्हवर घ्या. पीसी यूपीएसवर ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. मध्येच वीज गेली तर बोर्ड हातचा जाऊ शकतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवा. नवा प्रोसेसर बसल्यावर बोर्ड एफटीपीएम (त्या कुलपाची किल्ली ठेवणारा भाग) रिसेट करायचं का विचारतो, तिथे वाय दाबलं आणि की जवळ नसेल तर डेटा कुलपात अडकतो.

कूलर काढताना घाई नको. जुनी थर्मल पेस्ट सुकून डिंकासारखी धरते आणि एएम४ ला कूलरसकट प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. आधी दहा मिनिटं गेम चालवा, पीसी बंद करून वायर काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर सरळ वर न ओढता डावीकडे-उजवीकडे हळू फिरवा. पेस्ट सुटल्याचं बोटांना कळतं. मगच उचला. पिना वाकल्याच तर शिसं बदलता येणाऱ्या पेन्सिलीचं रिकामं टोक पिनवर सरकवून एकेक सरळ करता येते, पण ती वेळ न आलेलीच बरी.

फ्रेममोजणी

बायोसबाबा, कूलरचं नेमकं सांगितलंत, धन्यवाद. जुन्या प्रोसेसरवर कुठल्या कंपनीचं कार्ड बरं, यावर कुणी लिहील का?

मुळाकाठ

डायरेक्टएक्स १२ च्या बऱ्याच गेममध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर प्रोसेसरवर एएमडीच्या रेडिऑनच्या ड्रायव्हरपेक्षा जास्त काम टाकतो. प्रोसेसर तगडा असेल तर फरक पुसला जातो. जुन्या चार कोअरवर मात्र कागदावर हलकं असलेलं रेडिऑन १०८०पी ला पुढे दिसू शकतं.

इंटेल आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये आलं. १२ जीबी व्हीरॅम बघून मोह होतो, पण जुन्या प्रोसेसरवर त्याच्या ड्रायव्हरचा भार ठळक दिसतो, रायझन ५ २६०० सारख्यांवर तर खूपच. शिवाय रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू नसेल तर आर्क घेऊच नका. बायोसमध्ये अबव्ह ४जी डिकोडिंग आणि रीसायझेबल बार हे दोन्ही दिसतायत का, हे पैसे देण्याआधी बघा.

औंध_असेंबली

एक पुण्याच्या उन्हाळ्याचं. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत कॅबिनेटला आधीच गरम हवा मिळते. १२४००एफ सारखा प्रोसेसर १०० अंशांना पोचला की स्वतः वेग उतरवतो आणि जानेवारीत उत्तम चाललेली जोडी मे महिन्यात बिनसल्यासारखी वाटते. प्रोसेसरची क्लॉक आणि तापमान एकत्र लावून वीस मिनिटं बघा. पहिली पाच मिनिटं फ्रेम ठीक आणि मग घसरण असेल तर दोष जोडीचा नाही, हवेचा आहे. धूळ काढायला ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. स्वस्त एच६१० बोर्डावर आय७ बसवलात तर बोर्डाची व्हीआरएम (प्रोसेसरला वीज देणारा भाग) तापूनही हेच होतं, तिथे कूलर बदलून भागत नाही.

वारजे_नवखा

आय५-१०४००एफ, एच४१० बोर्ड, ८+८ जीबी २६६६, जीटीएक्स १६५०, ४५० वॉटचा एसएमपीएस, मॉनिटर १०८०पी ७५ हर्ट्झ. आरटीएक्स ४०६० टाकलं तर वाया जाईल का?

सिंहगडरोडकर

नाही जाणार. ७५ हर्ट्झला एका फ्रेमला १३.३ मिलिसेकंद मिळतात. सहा कोअर, बारा थ्रेडचा तुमचा प्रोसेसर बहुतेक गेममध्ये तेवढ्यात काम उरकतो. रॅमचा वेग वाढवायच्या फंदात पडू नका, तुमच्या आय५ ला त्या बोर्डावर २६६६ हीच मर्यादा आहे. कार्ड ३.० च्या आठ लेनवर चालेल, ते ८ जीबी व्हीरॅम भरेपर्यंत जाणवत नाही. व्हीरॅम भरायला लागली की टेक्श्चर एक पायरी खाली.

फ्रेमची मर्यादा रिव्हाट्यूनरमधून ७४ ला बांधा. गर्दीच्या ठिकाणी तरीही हिसका बसला तर आधी क्राउड डेन्सिटी, व्ह्यू डिस्टन्स आणि सावल्या कमी करा, कारण प्रोसेसरवर बोजा त्यांचा पडतो. रिझोल्यूशन कमी करून काही हाती लागणार नाही.

४०६० ला ११५ वॉट लागतात, चांगल्या कंपनीचा ४५० चा एसएमपीएस पुरतो. फक्त ८ पिनची वायर थेट एसएमपीएसमधून निघालेली हवी. मोलेक्सचे दोन फाटे जोडून केलेला कनेक्टर दुकानदाराने हातात ठेवला तर घेऊ नका. तुमच्या एसएमपीएसला अशी वायर आहे का? कडेच्या स्टिकरचा फोटो टाका, १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते बघून सांगतो.