नाताळच्या जेवणाला कोणती वाईन? मदत हवी आहे, लवकर

शरणपूररोडकर
२५ तारखेला घरी जेवण आहे. रेड घ्यायची की व्हाईट, आणि नेमकी कोणती, एवढंच सांगा. नाशिकचीच हवी. उद्या संध्याकाळी दुकानात जायचंय. नेटवर जिथे बघावं तिथे टर्की आणि क्रॅनबेरी सॉस. आमच्याकडे त्यातलं काहीच नसतं.

गोदाकाठ
जेवायला काय आहे? माणसं किती? बजेट?

रस्साप्रेमी
नाताळ म्हणजे मटण असणारच. मटण म्हटलं की रेड, डोळे मिटून. सुला वाईनरीची दिंडोरी रिझर्व्ह शिराज घ्या. ओकच्या पिंपात मुरवलेली असते, आम्ही दर थर्टीफर्स्टला तीच उघडतो.

वसईची_लेक
डोळे मिटून कशाला? मटण रोस्ट आहे की रस्सा? तिखट किती?

शरणपूररोडकर
नाताळचं जेवण म्हटल्यावर अजून काय लिहायचं? बरं. आईचं काळ्या मसाल्याचं मटण, झणझणीत, ती तिखट कमी करणार नाही. सासरची मंडळी वसईहून येताहेत. सासूबाई पोर्कचं इंद्याल आणि फुगे (तळलेले गोल पाव) आणणार. पुलाव. शेवटी प्लम केक आणि करंज्या. माणसं १४, वाईन घेणारे ९. बजेट ६ हजार. सासरे दरवर्षी घरी वाईन करतात, त्यांना चव कळते. नाशिकच्या जावयाने त्यांच्यापुढे हाताला लागेल ती बाटली ठेवावी हे मला पटत नाही. म्हणून विचारतोय.

वसईची_लेक
हे आधी हवं होतं. इंद्यालात व्हिनेगर असतं. त्यापुढे कमी आंबट वाईन पाणचट लागते. सॉव्हिन्यों ब्लाँ ही व्हाईट घ्या, तिचा स्वतःचा आंबटपणा चांगला असतो. आणि तिखट मटणाबरोबर दणकट रेड अजिबात नको. रेडमध्ये टॅनिन असतं, चहा जास्त उकळला की जीभ कोरडी पडते ना, तसं. त्यात मिरची आणि वर अल्कोहोल. तोंडात नुसती आग होते, मसाल्याची चव लागतच नाही. मटणाला शेनिन ब्लाँ, तीही व्हाईटच. सुलाची किंचित गोडसर आहे, ती तिखट झेलते. अगदी रेडच्या बाजूची हवी असेल तर थंड केलेली रोझे, म्हणजे गुलाबी वाईन.

रस्साप्रेमी
मटणाला व्हाईट? आमच्याकडे कुणी ऐकणार नाही. इतकी वर्षं रेडच पितोय, कुणाचं तोंड भाजलं नाही.

वसईची_लेक
दादा, तुमचा रस्सा काळ्या मसाल्याचा असतो का?

रस्साप्रेमी
नाही, बायको मटण मिरं-आलं घालून सुकं करते. पण मटण ते मटणच.

वसईची_लेक
मग तुमच्या ताटाला शिराज बरोबर आहे. यांचं ताट वेगळं आहे.

द्राक्षबाग_दिंडोरी
बाटलीवरचं साल बघून घ्या. ते द्राक्षं तोडल्याचं साल असतं. आपल्याकडे गोडी छाटणी (फळासाठीची) सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि वाईनच्या द्राक्षांची तोड जानेवारी ते मार्च. सध्या बागेत मणी कच्चे आहेत. व्हाईट आणि रोझे याच वर्षीची किंवा फार तर गेल्या वर्षीची घ्या, ताजेपणा हीच त्यांची खरी चव. बाटली दुकानाच्या काचेत उन्हात उभी असेल तर सवलतीतही घेऊ नका. आणखी एक, लोक आम्हाला विचारतात की थॉमसन या खायच्या द्राक्षाची वाईन का करत नाही. खायचं द्राक्ष मोठं, पातळ सालीचं, बिनबियांचं. वाईनचं लहान, जाड सालीचं, बिया असलेलं. रेडचा रंग त्या सालीतून येतो, आणि तुरटपणा साल आणि बियांतून. पिकवणाऱ्याचं हे कुणी लक्षात घेत नाही.

कॉलेजरोड_८८
२०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायला मंत्रिमंडळाने मान्यता दिली होती. ते झालं असतं तर लेबलं निवांत वाचून घेता आली असती.

गोदाकाठ
ज्या घरात दारूने वाटोळं झालंय त्यांना विचारा हे. किराणा घेताना पोरांसमोर बाटल्या नकोत, विरोध झाला ते योग्यच झालं.

द्राक्षबाग_दिंडोरी
वाईनरीशी करार केलेल्या शेतकऱ्यालाही विचारा की. एका वर्षी वाईनरीने कमी माल उचलला तर ती द्राक्षं बाजारात खायला कुणी घेत नाही.

शरणपूररोडकर
यासाठी वेगळा धागा काढा ना. माझं: बाटल्या किती? आणि केकबरोबर काय?

उपवासाची_थाळी
उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली तर २-३ दिवस चांगली राहते. आणि कुणी सांगेल का, दिवाळीच्या चिवडा-चकलीबरोबर काय चालतं?

गोदाकाठ
बाटली ७५० मिलीची, त्यात १५० मिलीचे ५ ग्लास. ९ जण, प्रत्येकी अडीच ग्लास धरा. ५ बाटल्या.

वसईची_लेक
शेनिन २, सॉव्हिन्यों १, रोझे १. पाचवी केकसाठी लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ. द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून करतात, म्हणून साखर जास्त. गोडाबरोबर वाईन त्या पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर आंबटढाण लागते. ही बाटली लहान मिळाली तरी चालेल, थोडीथोडीच पितात. उपवासताई, चकलीला ब्रूट, म्हणजे गोड नसलेली बुडबुड्यांची वाईन. तळलेलं-खारट आणि बुडबुडे छान जमतात.

रस्साप्रेमी
निदान एक तरी रेड ठेवा हो. सासरे वसईचे आहेत, रेड मागतील.

शरणपूररोडकर
सासरे काळ्या द्राक्षांचीच वाईन करतात, म्हणजे मागतीलच. शेनिन एक कमी करून एक शिराज घेतो, पण ओकवाली नको, साधी. ती पुलाव आणि फुग्यांबरोबर देईन. आता शेवटचं: आमचा फ्रीज केक आणि मटणाने भरलेला असेल. बाटल्या गार कशा करू?

वसईची_लेक
बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी, मूठभर मीठ. नुसत्या बर्फात वेळ लागतो, पाणी बाटलीला सगळीकडून चिकटतं. बाटली मानेपर्यंत बुडली पाहिजे. वीस मिनिटं पुरतात.

द्राक्षबाग_दिंडोरी
रेडला बर्फ नको. नाशिकची डिसेंबरची रात्र आहे, संध्याकाळपासून गॅलरीत ठेवा आणि जेवायच्या अर्धा तास आधी आत आणा. आणि सासऱ्यांना म्हणावं, जानेवारीच्या शेवटी या, तोड दाखवतो.